परतीचं पाकीट

डॉक्टर गुरुदत्तांना छोट्या लीगमधल्या फुटबॉल खेळाडूंची कार्डं जमवायचा नाद. सहीसाठी ते कार्ड पाठवत आणि सोबतच्या परतीच्या पाकिटावर पत्ता लिही त्यांची बायको, नीला. डॉक्टरांचं अक्षर केमिस्टलाच लागायचं, पोस्टाला नाही.

“आता अ‍ॅशबर्नला राहायला जाऊ या, लेकीजवळ,” लिहिता लिहिता ती म्हणायची.

“एवढा सीझन होऊ दे.”

बरेच सीझन झाले. मग नीलाच कायमची गेली. त्यानंतर त्यांनी एकही कार्ड पाठवलं नाही.

गेल्या आठवड्यात ते एकटेच अ‍ॅशबर्नला, नुकत्याच मिळालेल्या भाड्याच्या घरात आले.

आज टपालपेटीत एक पाकीट होतं. आत कुठल्याशा कोचनं सही केलेलं कार्ड. पाकिटावर नीलाचं ठसठशीत अक्षर आणि या नव्या घराचा पत्ता.

एरवी ती फक्त त्यांचं नाव घालायची. या वेळी दोघांचं होतं.