हुबेहूब

"हा आवाज तुझा नाही," बाई म्हणाल्या. "हेडफोनमधल्या माणसाचा आहे."

वर्ग हसला. त्याने हेडफोन काढून ठेवला. परक्या भाषेच्या त्या वर्गात रोज हाच उद्योग असे. तिथल्याच कुणाचं तरी बोलणं ऐकायचं आणि जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. बाकीच्यांची जीभ अडखळायची, शब्द दातांखाली भरडले जायचे. तो मात्र त्या माणसाचा खोकलासुद्धा उचलायचा. म्हणून कॉलेजात त्याचं नाव पोपट पडलं होतं.

ते नाव पार्टनरने ठेवलेलं. दोघं एकाच विमानाने आलेले, एकाच खोलीत राहिलेले, मातृभाषाही एकच. संध्याकाळी तो बाईंची नक्कल करायचा, शिपायाची करायचा, पार्टनरचीही करायचा, आणि पार्टनर हसून हसून गादीवरून खाली यायचा.

आता ती गादी गुंडाळून भिंतीशी उभी केलेली होती. ब्रेड आणतो म्हणून पार्टनर सायकल काढून गेला आणि ओल्या वळणावर ट्रकखाली आला. पुढचं सगळं निस्तरणं पोपटाच्या गळ्यात पडलं. वर्गात अजून फळं-भाज्यांचा धडा चालू होता, आणि त्याला सरकारी खिडकीपाशी उभं राहून 'शवपेटी'ला इथे काय म्हणतात ते विचारावं लागलं. तिकडे विमानतळावर पार्टनरच्या वडिलांनी ती पेटी एकट्यानेच उतरवून घेतली. घरी न नेता परस्पर सगळं उरकलं.

"सोमवारी तोंडी परीक्षा आहे," बाई म्हणाल्या. "आपल्या घरच्या माणसांबद्दल बोलायचं. तिथे कुणाची री ओढून चालणार नाही. स्वतःचं बोल."

त्याने मान डोलावली.

रविवारी दुपारी तो खोलीत दार लावून बसला होता. सकाळपासून मोबाईल दोन-तीनदा वाजून गेला होता, त्याने उचलला नव्हता. अण्णांचा फोन होईपर्यंत दुसऱ्या कुणाशी बोललं की त्याचा सूर बिघडायचा.

आई बरेच दिवस इस्पितळात होती. हृदयाचं ऑपरेशन नेमकं सोमवारीच ठरलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे व्हिडिओवर तिला काही दिसत नसे. रविवारच्या फोनची ती आठवडाभर वाट बघायची. पार्टनर गेल्याचं तिच्या कानावर जाता कामा नये, असं अण्णांनी त्याला काकुळतीला येऊन सांगितलं होतं. धक्का बसला तर ती ऑपरेशनच्या टेबलापर्यंतही पोचायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दर रविवारी हे खोटं बोलणं त्याला नकोसं व्हायचं. पण तिचा जीव त्या खोट्यावरच टांगलेला होता.

फोन वाजला. अण्णांनी नेहमीसारखं हळूच "बरा आहेस ना? जमेल ना आज?" एवढं विचारलं आणि फोन तिच्या हातात दिला. त्याने घसा खाकरला.

"काय म्हणतेस, म्हातारे?"

म्हातारी खुशीत आली. मग तिचं गाऱ्हाणं सुरू झालं. शेजारच्या खाटेवरची बाई घोरते. नर्स सुई टोचते की सूड उगवते कळत नाही. चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. आयाबाईने कुणाची तरी कवळी कुणाला तरी लावली, त्याचं तर सविस्तर रामायण झालं. तो "हं, हं" करत सगळं ऐकत होता. एक शब्दही त्याने मध्ये तोडला नाही. कवळीपाशी दोघंही हसले.

"आणि तुझा पार्टनर कसा आहे?" तिने विचारलं.

हे ती दरवेळी विचारायची आणि दरवेळी त्याची पाचावर धारण बसायची.

"बरा आहे. लायब्ररीत गेलाय."

"वेळेवर जेवतो का?"

"जेवतो की."

"त्याला म्हणावं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पोरसवदा वय, त्यात परका मुलूख. एकट्याने किती सोसायचं?"

"सांगतो," तो म्हणाला. खुंटीवर पार्टनरचं जाकीट अजून तसंच होतं. तिकडे त्याला बघवेना. त्याला फार रडू येत होतं. आवाज बिघडला तर सगळं मुसळ केरात जाईल म्हणून त्याने घाईघाईने पाण्याचा घोट घेतला. मग अण्णांनी पढवलेलं बोलून टाकलं. घाबरू नकोस, डॉक्टर चांगले आहेत, परीक्षा झाली की मी येतोच आहे.

पलीकडे इस्पितळातली कुठलीशी गाडी खडखडत गेली.

"यांना मी मघाशी खुणेनेच औषधाच्या दुकानात पाठवलंय," ती म्हणाली. "त्यांना यातलं काही सांगू नकोस. मला काही कळू दिलं नाही, एवढाच त्यांना आधार उरलाय."

"काय सांगू नको? आई, तू काय बोलतेस?"

"माझा लेक जन्मात कधी माझं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा नाही रे. दुसऱ्या वाक्याला फोन ठेवायचा." तिचा आवाज जराही हलला नाही. "तू फार जीव लावून ऐकतोस. आता ठेव, बाळा, आणि तुझ्या आईला फोन लाव. तीही वाट बघत असेल."