टोलेफसनचा विरोध

"आजचा दिवस गप्प बस व्हर्लिन, हात जोडतो तुला," हार्डवेअरचं दुकान चालवणारा डुएन कुबिचेक कॉफीच्या टेबलापाशी म्हणत होता. "तू बोललास की आमच्या बाजूचं वाटोळं होतं."

"मी बोलणार," व्हर्लिन टोलेफसन म्हणाला. ताटातली लिंबाची वडी उचलून तो मागच्या रांगेत जाऊन बसला.

युनिस लिंडक्विस्टनं हे ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. नगरपालिकेचं सभागृह भरत आलं होतं. ती समोरच्या मंचावर चढली आणि नगरसेवकांच्या पाच खुर्च्यांपैकी शेवटच्या खुर्चीत बसली. आज मेन स्ट्रीटवरच्या वाहनतळाचा निकाल लागायचा होता. तिथं चार मजली इमारत उठणार होती, खाली दुकानं आणि वर भाड्याची घरं. दोघं नगरसेवक बाजूनं होते, दोघं विरोधात. पाचवं मत युनिसचं.

इमारत व्हायला हवी, हे तिला मनातून पटलं होतं. हॉस्पिटलातल्या नर्सा, शाळेतल्या नव्या मास्तरणी, कोणालाच गावात भाड्यानं घर मिळत नव्हतं. पण नोव्हेंबरात निवडणूक होती, आणि तिच्या नावाच्या पाट्या लागायच्या त्या मेन स्ट्रीटवरच्या दुकानांच्याच काचांत. दुकानदारांना हवी होती गिऱ्हाइकांच्या गाड्यांना जागा. डुएननं विचारलं तेव्हा ती "बघू" म्हणाली होती. ती विरोधात मत देणार, असं त्यानं धरून टाकलं, आणि तिनंही ते तसंच राहू दिलं. याची तिला लाज वाटत होती. जन्मभर शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली.

एकेक जण माइकपुढे येऊन नाव-पत्ता सांगत होता आणि घंटा वाजेपर्यंत आपली तीन मिनिटं बोलत होता. कोणी सावलीबद्दल, कोणी गाड्यांबद्दल. डुएन तर फार छान बोलला. त्याच्या आजोबांनी ते दुकान कसं उभं केलं, ते ऐकून युनिसचे डोळे पाणावले. विरोधातच हात वर करावा आणि सुटावं, असं तिनं जवळजवळ ठरवून टाकलं.

मग व्हर्लिन उठला, आणि पुढच्या रांगेतल्या दुकानदारांनी कपाळाला हात लावला.

व्हर्लिननं आजवर कशाला विरोध केला नव्हता? लायब्ररीची नवी खोली, तळ्याकाठचे बाक, चौकातला गोल रस्ता. प्रत्येक वेळी घंटा वाजून गेली तरी तो बोलत राही आणि शेवटी युनिसशी त्याची जुंपे. दोघं एका वर्गात होते तेव्हापासून त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

"भाड्यानं राहणारे लोक आज येतात, उद्या जातात," व्हर्लिन म्हणाला. "त्यांना गावाचं काय? ज्याला इथं स्वतःचं घर घेणं झेपत नाही, त्यानं दुसरं गाव बघावं."

सभागृहात चुळबुळ झाली. माइकवरच्या माणसाला नगरसेवकांनी उत्तर द्यायचं नाही, असा रिवाज होता. युनिसला राहवलं नाही.

"व्हर्लिन, तुझी जनेल इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. रोज तासभर गाडी हाकत येते. जानेवारीत बर्फात तिची गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली, तिचं पोर मागच्या सीटवर होतं. तिनंही दुसरं गाव बघावं?"

"माझी मुलगी आहे म्हणून गाव बदलायचं का? तिचं तिनं बघावं."

"बाप आहेस की कोण आहेस रे तू!"

"युनिस," नगराध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

"तिला कशाला अडवता?" व्हर्लिन म्हणाला. "बोलेल चार शब्द आणि हात वर करेल डुएन सांगेल तसा. तिचं मत त्याच्या दुकानातच ठरलंय, खिळ्यामोळ्यांबरोबर."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. युनिसचे कान तापले. व्हर्लिन खाली बसला. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच घंटा वाजायच्या आत बसला.

मतं घेतली. दोन हात बाजूनं वर गेले. युनिसला जनेल आठवली, तिच्या दुसरीच्या वर्गातली, पुढचे दात पडलेली. तिनं हात वर केला. सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. इमारत मंजूर झाली.

बाहेर पडताना डुएन तिच्याकडे न बघता म्हणाला, "पाटी लावायला माझी काच शोधू नकोस."

"नाही शोधणार," ती म्हणाली. वाईट वाटलं, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. किती दिवसांत तिला स्वतःबद्दल इतकं बरं वाटलं नव्हतं. कुणाच्या भिडेला न पडता आज तिनं आपल्या मनाचा कौल दिला होता.

जूनमधलं ऊन अजून रेंगाळत होतं. पलीकडे व्हर्लिन आपल्या ट्रकमध्ये काच खाली करून एकटाच बसला होता, मान खाली घातलेली. तिला एकदम त्याची कीव आली. हरला बिचारा, आणि आता त्याचे शब्द मुलीच्या कानावर जातील ते वेगळंच. दोन शब्द बोलावेत म्हणून ती मागच्या बाजूनं गेली. तो फोनवर बोलत होता.

"झाली मंजूर. त्यांनी घरांसाठी नावं घ्यायला सुरुवात केली की पहिलं नाव तुझं दे... नाही गं जनेल, तिला तसं म्हणू नकोस. युनिस मनाची चांगली आहे. फक्त योग्य वेळी हात वर करायला तिला आधी माझा संताप यावा लागतो."