अठरा आसनी अदेमार

"वैमानिकाची चूक." एवढं वाचून डॉक्टर ओतावियोने कागद टेबलावर पालथा घातला. "संपली चौकशी. विमान बनत राहणार, संचालक मंडळाचं कालच ठरलं."

"आणि शेपटी?" जांदिराने विचारलं.

"कुठली शेपटी?"

"उतरताना वेग कमी केला की थरथरते ती. बाबांनी तुम्हाला याच खोलीत सांगितलं होतं."

ओतावियो हसला. तो कसलाच डॉक्टर नव्हता. कारखान्याचा मालक होता, आणि त्या मुलखात मालकाला डॉक्टरच म्हणतात. "पोरी, शेपटी बदलायची तर वर्षभर काम बंद ठेवावं लागेल. अगं, शेपटी नव्हती थरथरत. तुझ्या बापाचे हात थरथरायला लागले होते. वय झालं होतं त्याचं."

मरायच्या आधीच्या रविवारी त्याच हातांनी अदेमारने लेकीच्या चष्म्याचा मोहरीएवढा स्क्रू बसवून दिला होता. जांदिराने ते सांगितलं नाही. या खोलीत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

"विमान थांबवायचा तो वरच्या कोर्टातला अर्ज मागे घे," ओतावियो म्हणाला. "त्याच्या नावाचा रस्ता करू. पुतळा हवा तर पुतळा. माणूस मोठा होता, कोण नाही म्हणतंय?"

ती उठून बाहेर पडली.

गावात विमानाचा आवाज आला की सगळे मान वर करायचे. अठरा आसनांचं ते छोटं जेट गावाची चूल पेटती ठेवत होतं. अदेमार त्यातलंच एक विमान घेऊन निलगिरीच्या झाडांच्या रानात कोसळला, तेव्हापासून जांदिरा आवाज आला की खाली बघायची. गावाला तेही खपत नव्हतं.

बेकरीत ती शिरली तसं बोलणं थांबलं.

"चीजचे पाव संपले," बेकरीवाली झुलेका म्हणाली. तिच्या पुढ्यातल्या टोपलीतून वाफा निघत होत्या.

"मग कॉफी दे."

"कॉफीही नाही. बापाने एकच विमान पाडलं, तू अख्खा कारखाना पाड. मग पाव कुठून खाशील गं?"

"कोर्टातून!" रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि बेकरी हसली. हसणाऱ्यांतले निम्मे जण अदेमारच्या शवपेटीला खांदा देणारे होते.

पुढच्या आठवड्यात जांदिरा आपण होऊन ओतावियोकडे गेली.

"रस्ता नको. पुतळाही नको."

"मग? पैसे?"

"विमानाला त्यांचं नाव द्या."

ओतावियोने मनात हिशेब केला. विमानाला आजवर नुसता क्रमांक होता. नावाला खर्च काहीच नव्हता. बाहेरच्या देशांतल्या वर्तमानपत्रांत 'चाचणीत एका वैमानिकाचा मृत्यू' एवढंच छापून आलं होतं, नावाशिवाय, तेही आतल्या पानावर. आणि मेलेल्याची मुलगीच विमानाला त्याचं नाव देते, यापेक्षा चांगली ग्वाही कुठली? त्याला आपल्या मनाचा मोठेपणा जाणवला. डोळेही जरा ओलावले.

"अदेमार," तो म्हणाला. "कानाला बरं लागतं."

"प्रत्येक विमानावर. नाकाशी, मोठ्या अक्षरांत. करारात तसं लिहा."

"लिहितो की!"

तिने उभ्यानेच सही केली. अर्ज मागे घेतला गेला.

झुलेकाने तिला बेकरीच्या दारातच मिठी मारली. "शहाणी गं माझी बाय!" म्हणत गरम पावांची पुडी हातात कोंबली. जांदिराने ती पुडी तशीच फळीवर ठेवली आणि निघाली.

घरी लेओकादियाआत्या वाट बघत उभी होती. तिने आत यायलाही नकार दिला.

"ज्याने माझ्या भावाला खाल्लं, त्यालाच त्याचं नाव? किती घेतलेस?"

"काही नाही, आत्या."

"म्हणजे बाप फुकटात विकलास!" म्हातारी उंबऱ्यावर थुंकली आणि चालती झाली. जांदिराने तिला हाक मारली नाही. सही करताना तिने हेही हिशेबात धरलंच होतं.

विक्रीच्या दिवशी हँगरमध्ये बँड आणला होता. बिशपने विमानावर पवित्र पाणी शिंपडलं. पांढऱ्या नाकावर निळी अक्षरं चकाकत होती. पहिल्या रांगेत जांदिरा काळ्या कपड्यांत बसली होती. ओतावियोनेच तिला तिथे बसवलं होतं, सगळ्यांना दिसेल अशी.

सहा विमानं घ्यायला बोलिव्हियाहून सेन्योरा किरोगा आल्या होत्या. बुटक्या, जाड, डोंगरातल्या लहान गावांना विमानं पाठवणाऱ्या. त्यांनी चाकं बघितली, दार दोनदा उघडून लावलं, मग मान वर करून अक्षरं मोठ्याने वाचली.

"अ-दे-मार. कोण हे?"

"आमचे सगळ्यांत जुने वैमानिक," ओतावियो म्हणाला. "याचं पहिलं उड्डाण त्यांनीच केलं."

"अरे वा! मग मला आज तेच फिरवून आणू देत. विमानात काय खोट आहे ते विकणारा सांगत नाही हो, चालवणारा सांगतो. बोलवा त्यांना. कुठे आहेत?"

बँडवाले धून संपवून पुढच्या खुणेची वाट बघत होते. ओतावियोच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, मागचा माणूस तेवढा निघून गेला. त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. वेळेला काहीतरी बरं बोलून सांभाळून घेईल अशा घरच्या माणसाकडे बघावं, तसं.

"सांगा ना, डॉक्टर," जांदिरा म्हणाली. "आता प्रत्येक गिऱ्हाईक हेच विचारणार आहे."