पाकट उडाला

बाबलच्या होडीच्या काचेच्या तळाखाली ताटाएवढा चपटा पाकट मासा वाळूत रुतून बसला होता, हलायचं नाव घेत नव्हता. शेजारी दाजीच्या होडीवर समुद्री गरुड घिरट्या घालत होता. पर्यटक मान मोडेस्तोवर वर बघत होते. बाबलच्या पोटात दुखायला लागलं.

“गरुडाला पंख दोनच. याचं अख्खं अंगच पंख!” तो म्हणाला.

“पण उडतो कुठे?” होडीतल्या काकू जांभई देत म्हणाल्या. “उद्या आम्ही दाजींकडे.”

बाबलने चिडून वल्हं वाळूत खुपसलं. पाकट दचकून वर आला, गरुडाने सूर मारला आणि त्याला उचलून नेलं.

“बघा काकू, उडाला!” बाबल ओरडला. दोन्ही होड्यांत टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी दाजी तोंड पाडून आला. “गिऱ्हाइकं गरुडाकडे बघतच नाहीत. उडता पाकट मिळतो कुठे, बाबल्या?”

“तुझ्या गरुडालाच विचार.”