गाळायचं पान

वडील येऊन दुसऱ्या रांगेत बसले आणि बोलता बोलताच जयवंतने मनाशी ठरवून टाकलं, ते एक पान आज गाळायचं.

मुलुंडच्या एका शाळेच्या पटांगणात व्याख्यान चाललं होतं. विषय भारदस्त होता, ‘उपनगरांतील किरकोळ व्यापार आणि त्याचे अर्थव्यवहार’. जयवंत कॉमर्स कॉलेजात शिकवायचा. याच विषयावर त्याने नुकताच प्रबंध पुरा केला होता, आणि फोर्टातल्या परिषदेत तो वाचला तेव्हा ते पान सगळ्यात जास्त गाजलं होतं. तिथे त्याला ओळखणारं कोण असणार! पण आज घाटकोपरहून वडील, काशीराम, आले होते, न सांगता, लग्नकार्यातला काळा कोट घालून. एरवी कधी बंद न होणारं दुकान त्यांनी शेजारच्या धाकूवर सोपवलं होतं. कार्यकर्त्यांनी वय पाहून त्यांना सतरंजीवरून उठवलं आणि खुर्ची दिली. वक्ता आपला मुलगा आहे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोराच्या सभेत आपण कशाला मिरवायचं, असा त्यांचा स्वभाव.

व्याख्यान बिनबोभाट संपत आलं. जयवंत कागद गोळा करू लागला, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, “अहो, तुमचा तो दुकानदार राहिलाच की! परिषदेत आम्ही पोट धरधरून हसलो होतो.”

“वेळ फार झालाय, सर.”

“सांगा, सांगा!” सतरंजीवरून आवाज आले.

काशीरामांनीही हात वर केला. पोराला असं चारचौघांत छेडायची संधी पुन्हा कधी मिळणार? “सांगा ना साहेब,” ते हसून म्हणाले, “आम्हांला पण ऐकू दे.”

जयवंतचा नाइलाज झाला. निदान दोन वाक्यांत उरकू, असं त्याने ठरवलं.

“एक दुकान आहे,” तो म्हणाला. “मर्तिकाच्या सामानाचं. बांबू, मडकं, सुतळी, पांढरं कापड.”

काशीराम खुर्चीत ताठ झाले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आपलं दुकान पोराच्या पुस्तकात! म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

“आसपास दुसरं दुकान नाही. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, आणि घेतलेला माल कधी परत आणत नाही.”

हशा पिकला. आणि हशा ही गोष्ट वाईट. भल्याभल्या वक्त्यांना ती चढते, जयवंत तर नवखा होता. त्यातून त्या पानात त्याचा जुना रागही होता. याच दुकानापायी शाळेची फी कायम उशिरा भरली जायची आणि वर्गात उभं राहावं लागायचं.

“याहून सुखाचा धंदा जगात नाही. तरी हा गृहस्थ गरीबच राहिला! लढाईच्या दिवसांत सगळ्यांनी भाव वाढवले, याने नाही. रडत आलेल्या माणसापुढे आकडा काढायला याची जीभच रेटत नाही. लहान मूल गेलेलं असेल तर पैसेच घेत नाही. दिवाळीला सगळे व्यापारी लक्ष्मीपुढे बसून बरकत मागतात. मी याला विचारलं, तुम्ही काय मागता? तर म्हणाला, मी तिला सांगतो, बाई, यंदा माझं दुकान चालवू नकोस!”

पटांगण हसून लोटपोट झालं. बायकांच्या बाजूलाही पदर तोंडाला लागले. ते वाक्य काशीराम एकदाच बोलले होते, घरात, समईपाशी, मांडीवर बसलेल्या मुलाने विचारलं म्हणून. आता ते हसणाऱ्या तोंडांकडे एकेक करून बघत होते. हसू त्यांच्याही चेहऱ्यावर होतं, पण ते काढायचं राहून गेलं होतं.

“तात्पर्य, धंदा भावनेवर चालत नाही,” जयवंतने समारोप केला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं.

काशीराम उभे राहिले.

“एक विचारू काय, साहेब?” या खेपेच्या ‘साहेब’मध्ये थट्टा नव्हती. “त्या दुकानदाराला मूलबाळ होतं काय?”

सगळ्यांनी जयवंतकडे पाहिलं. आहे, मीच त्यांचा मुलगा, एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण पुढे पहिल्या रांगेत त्याच्या कॉलेजचे प्राचार्य होते, शेजारी अध्यक्ष होते, आणि अजून कुणाकुणाचे डोळे हसून ओले होते. 

“नाही,” तो म्हणाला. “त्याला कुणी नाही.”

काशीरामांनी मान हलवली. हिशेब पटल्यासारखी.

“मग बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले. “भाव वाढवून करणार काय बिचारा!”

सभेला हे उत्तर फारच आवडलं. त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला. “वा आजोबा!” कुणीतरी ओरडलं. अध्यक्षांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

काशीरामांनी चपला शोधल्या आणि ते फाटकाबाहेर पडले. टाळ्या थांबेपर्यंत जयवंत हात जोडून उभा होता.