गाळलेलं नाव

अगं, ऐक तर आधी, मधे बोलू नकोस. चिंगी दाराबाहेर उभी, एक चप्पल पायात, एक हातात. फिजिओथेरपीच्या बाई आल्याच नव्हत्या, म्हणून तासभर लवकर घरी आलेली. आत आई शिलाईमशीनवर कपाळ टेकून देवाला नावं सांगत होती. लोक देवाला नावं ठेवतात, हिची आई सांगायची. रोज, शर्टांची काजं-बटणं उरकली की.

"मावशीचे गुडघे सांभाळ. वरच्या काकांची नोकरी सांभाळ. शिंप्याच्या सुनेला बाळंतपणातून सुखरूप सोडव. घरमालकाला सांभाळ."

घरमालकाला सुद्धा, हं. पाणी सोडताना उपकार केल्यासारखं तोंड करतो, त्याला.

चिंगी आपलं नाव येईल म्हणून थांबली. मशीन खडखड सुरू झालं. संपली प्रार्थना.

आठ महिन्यांपूर्वी ती रुसून क्लासमध्येच बसून राहिली आणि घरी यायची बस चुकली. दादा स्कूटरवरून आणायला गेला. येताना ट्रकनं उडवलं. दादा गेला, हिच्या मांडीत सळई बसली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "देवानं वाचवलं गं तुला." ही मान डोलवायची. मनात म्हणायची, मग दादाच्या वेळी कुठे होता? तेव्हापासून देवाशी कट्टी. घरात दोघीच उरलेल्या, तिथेही बोलणं असं नाहीच. "जेवलीस?" "हो." झालं.

ती आत गेली. "माझं नाव गाळलंस."

आईनं पाय थांबवला. "लवकर आलीस?"

"घरमालक चालतो, मी नाही. माझ्यामुळे दादा गेला म्हणून ना? सरळ सांग की."

आई दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळी तू माझ्याशी भांडलीस. माझंही डोकं फिरलेलं. म्हटलं, आज हिचं नावच घेत नाही देवापुढे. एकट्या दादाचंच घेतलं." दोरा तुटला. "ज्याचं घेतलं तो गेला. जिचं गाळलं ती राहिली. आता तुझं घ्यायला जीभ कशी उचलू मी?"

चिंगी स्टुलावर बसली. सळईचा पाय लांब करून. मग तोंडातून निघालं ते भलतंच. "म्हणजे घरमालकाचं घेतेस ते..."

"बघतेय, लागू पडतंय का."

दोघी हसल्या, अगं. आईला तर आवरेना, आणि थोड्या वेळानं कळलं की ते हसू नव्हतंच.

"तुझं तू घे ना," आई डोळे पुसत म्हणाली. "माझ्याच्यानं नाही होत."

आता बघ हं. कट्टी आठ महिन्यांची. आणि स्वतःचं नाव घ्यायचं म्हणजे काय, तर मला जिवंत ठेव म्हणायचं. दादा नसताना. हे तिनं कुणाकडेच मागितलं नव्हतं, स्वतःकडेही नाही.

तिनं डोळे मिटले. "अजून रागच आहे हं तुझा," असं आधी बजावलं देवाला. मग आपलं नाव सांगितलं. शाळेच्या हजेरीतलं, पूर्ण, आडनावासकट, म्हणजे भलत्याच कुणाला जायला नको. तेवढ्यात आईनं तिचा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

तिच्या जागी तू असतीस, तर मागितलं असतंस?