खेळण्यांच्या गोण्या

“थुंक आधी. काय हाय तोंडात?”

आईचा तो भूमच्या माहेरच्या अंगणातला आवाज दीपमालाच्या कानातून कधी गेलाच नाही. आई बोट घालून चिंचोका, माती, पेन्सिलीचा तुकडा, असेल ते बाहेर काढायची. आता दीपमाला लेकीच्या, अक्षदाच्या तोंडात तसंच बोट फिरवायची. हाती काही लागायचं नाही.

अक्षदा अडीच वर्षांची. चिमणीसारखी बोलायची, मग एकेक शब्द उडून गेला. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं.

“स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांत असतं ते. घरात ठेवूच नका.”

आणि सासूचं, म्हाळसाबाईंचं, सोनारी गावात देवळापुढं खेळण्यांचंच दुकान. म्हातारीनं त्याच दिवशी ते मोडलं. पिपाण्या, बाहुल्या, गाड्या गोण्यांत कोंबून सुनेपुढं ठेवल्या.

“तूच लाव वाट, पोरी. माझा हात न्हाय व्हायचा.”

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी देवळापुढं नारळ विकायला बसू लागली. हळूहळू गोण्या रिकाम्या झाल्या.

“कुणाच्या लेकराला सापडायच्या न्हायत ना गं?”

“न्हाय, आत्या. लई लांब टाकल्या.”

दीपमालानं घर धुऊन काढलं. रंगीत चमचा गेला, प्लास्टिकचा पेला गेला. अक्षदाला स्टीलची वाटी आली. साबणातही केमिकल असतं म्हणून ती वाटी राखेनं घासायची, आरशासारखी लखलखेपर्यंत.

पुढच्या तपासणीत शिसं वाढलेलं निघालं.

“आत्या, तुम्हीच देताय तिला. लपून.”

“म्या?”

“मग कुठून येतंय?”

म्हाळसाबाई नवऱ्यामागं एकटीनं संसार ओढलेली बाई. पण आता ती भिंतीला टेकून खाली बसली. दीपमालाच्या नवऱ्यानं, रामहरीनं आईची पिशवी उचलली आणि तिला नळदुर्गला, तिच्या बहिणीकडं जाणाऱ्या एसटीत बसवलं. निघताना म्हातारीनं नातीला जवळ घेतलं नाही. फक्त दोन्ही तळहात उघडे करून सुनेला दाखवले.

तिसऱ्या वेळी शिसं आणखी वाढलं. आता घरात दोष द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. दवाखान्यात अक्षदा आईच्या मांडीवर बसून पंख्याकडं बघत होती. हाक मारली तरी मान वळवत नव्हती.

“खेळणी टाकली म्हणालात,” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “कुठं टाकली? विहिरीजवळ, ओढ्यात?”

दीपमालानं मान खाली घातली.

“सांग की,” रामहरी म्हणाला. “आईला सांगितलंस तेच सांग.”

दीपमालानं पोरीच्या केसांतून हात फिरवला.

“टाकली न्हाईत, मॅडम. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून जाळली. आत्या देवळाकडं गेल्या की रोज थोडी थोडी, चुलीत. तुम्ही रागवाल म्हणून बोलले न्हाय. राख तेवढी डबा भरून ठेवलीय... हिची वाटी घासायला.”